लोणी, डालडा आणि काळजाचा हिशेब

मराठी माणसाचं आणि लोण्याचं नातं फार जुनं आहे. गवळणींतला कृष्ण लोणी चोरतो, कचेरीतला कारकून साहेबाला लोणी लावतो आणि ज्याला कशाचीच लाज उरलेली नाही, तो मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातो. मुंबई-पुण्याकडची जुनी माणसं तर 'लोणी लावणं' असं न म्हणता 'पॉलसन लावणं' म्हणत. कारण शहरात विकत मिळणारं बटर म्हणजे पॉलसन कंपनीचं. पुढे आणंदच्या शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी संघ काढला, त्यातून 'अमूल' उभं राहिलं आणि पॉलसन मागे पडलं. शब्द मात्र बरीच वर्षं टिकला.

भाषेत इतकं मुरलेलं हे लोणी आज ताटात आरोपी म्हणून उभं आहे. डॉक्टर म्हणतात, बटर बंद करा. जाहिरात म्हणते, बटरऐवजी आमचा हलका मस्का खा. मोबाइलवर रोज सकाळी येणारे निरोप म्हणतात, तूप म्हणजे अमृत, वाटीभर खा. घरातली बाई या तिघांचं ऐकून घेते आणि विचारते, 'मग मुलाच्या डब्यातल्या पोळीला लावू तरी काय?' लोणी बरं की मार्गरीन, हा प्रश्न मुळात तिचा आहे. तिला उत्तर मिळावं म्हणून हा प्रपंच.

तुम्ही म्हणाल, कवीला यातलं काय कळतं? खरं आहे. मी कला शाखेचा बी.ए. आहे. ज्याला डॉक्टर हृदय म्हणतात, त्याला आम्ही कवी काळीज म्हणतो आणि खाटिकाच्या दुकानात कलेजी मागितली की भलताच अवयव मिळतो. पण गेली काही वर्षं मी या विषयातलं जे सापडेल ते वाचत आलो आहे. त्याला घरगुती कारण आहे, ते ओघात येईलच.

आधी नावांचा घोळ निस्तरू. पुण्यातल्या कुठल्याही बेकरीत जा. काचेच्या बरण्यांत खारी असते, टोस्ट असतो, नानकटाई असते आणि 'बटर' असतं. चहात बुडवून खायचं ते गोल, खुसखुशीत, जिरं घातलेलं बटर. गंमत अशी, की त्या बटरमध्ये बहुतेकदा बटर नसतं. आता संध्याकाळी पावभाजीच्या किंवा डोशाच्या गाडीवरचा फलक वाचा. 'बटर डोसा' एका भावात आणि त्याच्या खालच्या ओळीत 'अमूल बटर डोसा' चार पैसे जास्त. दोन्ही बटरच असतील तर भाव दोन कशाला? गाडीवाला प्रामाणिक आहे. तो फलकावर लिहूनच सांगतो आहे, की वरच्या ओळीतलं बटर वेगळं आहे. ते वेगळं म्हणजे मार्गरीन, किंवा त्याच्या जातकुळीतला एखादा पिवळा मस्का.

कायद्याच्या भाषेत बटर म्हणजे दुधापासूनच काढलेला पदार्थ. त्यात कमीत कमी ८० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. पाणी १६ टक्क्यांपर्यंत चालतं. उरलेल्यात मीठ आणि दुधातले इतर घटक. आपलं घरचं लोणी त्याचंच बिनमिठाचं भावंड. साय साठवायची, विरजायची, घुसळायची. ताक खाली, लोणी वर. ते कढवलं की पाणी उडून जातं आणि राहतं तूप, जवळजवळ पूर्ण स्निग्ध. तळाला बसते ती बेरी, आणि साखर घालून ती खाण्यासाठी पोरांची भांडणं. घरचं लोणी पांढरं आणि दुकानातलं पिवळं का, असं पुष्कळजण विचारतात. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधासारखं पिवळं द्रव्य नसतं, म्हणून लोणी पांढरं निघतं. दुकानातल्या बटरला पिवळेपणा यावा म्हणून बहुधा शेंद्रीच्या बियांचा रंग देतात. पिवळं म्हणजे अस्सल आणि पांढरं म्हणजे कमअस्सल, असं काही नाही.

आता मार्गरीन. हे फ्रान्समध्ये जन्मलं, तेही राजाज्ञेने. तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यात लोणी महाग झालं होतं. गरिबांना आणि आरमाराला परवडेल असा लोण्याचा पर्याय शोधणाऱ्याला त्याने बक्षीस लावलं. १८६९ साली इपोलीत मेज-मुरिए नावाच्या रसायनज्ञाने तो शोधला. त्यात दुधाची साय नव्हती, बैलाची चरबी होती. ग्रीक भाषेत मोत्याला जो शब्द आहे, त्यावरून त्याचं नाव पडलं. नाव मोत्याचं आणि माल चरबीचा! पण हेतू वाईट नव्हता, हे ध्यानात घ्या. मार्गरीन जन्मलं ते गरिबाच्या पावाला काहीतरी लावायला मिळावं म्हणून. ही गोष्ट पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने पातळ तेलातून हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याची युक्ती काढली. आता चरबीचीही गरज उरली नाही. कुठलंही स्वस्त तेल घ्या, गरम करा, निकेलच्या भुकटीच्या सोबतीने त्यात हायड्रोजन सोडा आणि लोण्यासारखा गोळा बनवा. युरोप-अमेरिकेत त्याचं मार्गरीन झालं. आपल्याकडे माणसं पावापेक्षा पोळी-भाताची, लोण्यापेक्षा तुपाची. म्हणून आपल्याकडे त्याचं रवाळ 'वनस्पती तूप' झालं. लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना काढला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडासारखं झाड. कंपनीच्या मालाचं ते नाव. पण झेरॉक्ससारखं ते सगळ्याच वनस्पती तुपाचं नाव होऊन बसलं.

आमच्या पिढीतल्या कुठल्याही चाळीत, वाड्यात, मोहल्ल्यात तो डबा होता. रिकामा झाला की त्यात कुणाची तुळस, कुणाचा मोगरा. आमच्या घरी तांदूळ मोजायला तोच. ईदच्या आधी अम्मी मैदा, साखर आणि डालडा मळून नानकटाई थापायची आणि ते पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही पोरं बेकरीच्या भट्टीवर रांग लावायचो. साजूक तूप शीरखुर्म्यात चमचाभर पडायचं, तेही पाहुण्यांच्या वाडग्यात जरा जास्त. लग्नाच्या पंगतीत बिर्याणी वाढली जाताना बुजुर्ग एकमेकांना हळूच विचारायचे, 'असली घी आहे की डालडा?' त्या प्रश्नावरून यजमानाची ऐपत कळायची. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' ही म्हण ज्याने केली, त्याला रोज उपाशी राहायची पाळी आली नसावी. ज्यांच्यावर ती येऊ शकत होती, त्यांना डालड्याने तुपाच्या जवळपास आणून बसवलं.

वनस्पती तुपाला विरोध सुरुवातीपासून होता. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर संसदेत त्यावर बंदी घालण्याच्या मागणीपर्यंत गोष्ट गेली. तेव्हाची मुख्य तक्रार मात्र काळजाची नव्हती, भेसळीची होती. साजूक तुपात डालडा मिसळला तर ओळखायचा कसा? त्याला वेगळा रंग द्या, असं सुचवलं गेलं. पण सगळ्यांना पटेल असा रंग काही सापडला नाही. मग सरकारने एक हेर नेमला. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती केली. तिळाच्या तेलाचा गुण असा, की ठरावीक आम्लं-रसायनं मिसळली की ते लालबुंद होतं. म्हणजे तुपाच्या नमुन्याला लाली चढली, की समजायचं डालडा घुसला आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन हा प्रयोग कित्येकांनी केला असेल. भेसळ सापडायची सोय झाली. पण त्या डब्यात जे खरं संकट होतं, त्याला रंग नव्हता आणि ते ओळखायला आणखी चाळीस वर्षं लागायची होती.

ते संकट काय, हे समजण्यासाठी थोडं रसायन. घाबरू नका, चुलीपुढे बसून कळेल इतकंच आहे. स्निग्ध पदार्थ हे लांबट साखळ्यांचे बनलेले असतात. काही साखळ्या उदबत्तीच्या काड्यांसारख्या सरळ. त्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून तो पदार्थ गारव्यात घट्ट राहतो. ही झाली संपृक्त चरबी. लोण्यात, तुपात, खोबरेल तेलात तिचं राज्य. काही साखळ्या सरपणाच्या काटक्यांसारख्या, मध्येच बाक आलेल्या. त्यांची मोळी नीट बांधली जात नाही, म्हणून तो पदार्थ पातळ राहतो. ही असंपृक्त चरबी. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांची तेलं बहुतांशी अशी.

तेलात हायड्रोजन सोडतात तेव्हा काटकीचा बाक भरून निघतो आणि ती उदबत्तीसारखी सरळ होते. पण काम अर्धवट थांबवलं, तर काही काटक्यांचा बाक भरून न निघता पिळवटला जातो. दिसायला सरळ, आतून मात्र असंपृक्तच. या पिळवटलेल्या साखळ्यांना ट्रान्स फॅट म्हणतात. जुन्या वनस्पती तुपात आणि बेकरीच्या मार्गरीनमध्ये त्या भरपूर असत. काही नमुन्यांत तर ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. दुधातही निसर्गतः थोडं ट्रान्स फॅट असतं, दुधाच्या स्निग्धांशाच्या साधारण २ ते ५ टक्के. पण चमचाभर लोण्यातून ते फार तर दोन दशांश ग्रॅम पोटात जातं.

बरीच वर्षं जगभरचे डॉक्टर सांगत होते, लोण्यात संपृक्त चरबी आहे, तिने कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून लोणी सोडा आणि मार्गरीन खा. मार्गरीन तेलापासून केलेलं, म्हणून ते भलंच असणार, असा हिशेब. १९९० साली मेन्सिंक आणि कटान या हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी तो हिशेब उलटवला. त्यांनी ५९ निरोगी माणसांना आलटून पालटून तीन आठवडे वेगवेगळ्या चरबीचं जेवण दिलं आणि रक्त तपासलं. संपृक्त चरबीने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलं. ट्रान्स फॅटनेही ते वाढलं आणि शिवाय चांगलं, म्हणजे एचडीएल, घटलं. एका हाताने चोर वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने शिपाई कमी करायचे, असा तो प्रकार. पुढे पुष्कळ अभ्यास झाले. २००६ साली त्यांचा एकत्र आढावा आला. रोजच्या उष्मांकांपैकी फक्त २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, असं त्यात निघालं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी २ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. समजा, खारीत चौथा हिस्सा वनस्पती आहे आणि त्या वनस्पतीत ३० टक्के ट्रान्स फॅट. तर शंभर ग्रॅम खारीतच साडेसात ग्रॅम झाले.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचे भाईजान आठवले. ते पुण्यात रिक्षा चालवत. पहाटे स्टेशनवर पहिली गाडी गाठायची, म्हणून नाश्ता घरी नाही. चहा आणि खारी. अकरा वाजता पुन्हा चहा आणि खारी. दुपारचं जेवण हुकलं, तर त्याची भरपाई चहा आणि बटरने. शरीराने काटकुळे, आम्ही त्यांना 'हवेने उडाल' म्हणून चिडवायचो. २००८ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, रिक्षाच्या रांगेत उभे असतानाच ते गेले. खारीनेच गेले असं मी म्हणणार नाही. ते बिडी ओढत, झोप कमी, काळज्या जास्त. एकट्या खारीवर खून लावता येत नाही. पण रोजच्या त्या चार-सहा तुकड्यांत काय होतं, हे ना त्यांना ठाऊक होतं, ना विकणाऱ्याला. आज मी वयाने माझ्या थोरल्या भावापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे. हे वाचन मी का करत बसतो, याचं कारण ते.

बारीक माणसाला हृदयविकार होत नाही, हा समज तर आपल्या पुण्यातच मोडीत निघाला आहे. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपल्याकडच्या पुष्कळांची ठेवण असते. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षं आधीच गाठतात, त्याच्या कारणांपैकी हे एक. म्हणून 'मी कुठे जाडा आहे?' हे लोण्याच्या किंवा मार्गरीनच्या बाजूने देण्याचं उत्तर नव्हे.

ट्रान्स फॅटचं प्रकरण उघड झाल्यावर देशोदेशी कायदे झाले. डेन्मार्कने २००३ साली पहिला नियम केला: शंभर ग्रॅम चरबीत कारखान्यातलं ट्रान्स फॅट २ ग्रॅमच्या वर नको. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००९ साली आपल्या बाजारातली तेलं-तुपं तपासली, तेव्हा वनस्पती तुपात या मर्यादेच्या पाच ते बारा पट ट्रान्स फॅट निघालं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली १० टक्क्यांची मर्यादा घातली. ती पुढे ५ टक्क्यांवर आली, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. तेला-तुपाच्या डब्यालाच नव्हे, तर त्यापासून केलेल्या बिस्किट-खारीतल्या चरबीलाही आता हीच मर्यादा आहे. भाईजान गेले तेव्हा यातला एकही आकडा कायद्यात नव्हता.

तेव्हा आजचं मार्गरीन हे १९९० सालचं मार्गरीन नाही, हे मान्य केलं पाहिजे. नियम पाळून केलेल्या मालात ट्रान्स फॅट नाममात्र असतं. मग ते घट्ट कसं राहतं? पाम तेलाच्या जोरावर. पाम तेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त, म्हणून ते मुळातच अर्धवट घट्ट असतं. शिवाय साखळ्या उसवून पुन्हा वेगळ्या क्रमाने जोडण्याची एक रीत निघाली आहे. वेष्टनावर 'इंटरएस्टेरिफाइड' असा जडजंबाल शब्द दिसतो, तो हाच. थोडक्यात, बेकरीतलं कडक मार्गरीन विषाच्या यादीतून बाहेर आलं, पण आरोग्याच्या यादीत गेलेलं नाही. बेकरीवाल्याला ते हवंच असतं. लोणी पस्तीस अंशांच्या आतच वितळतं. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लोण्याने खारीचे पापुद्रे सुटे ठेवणं कठीण. खास पापुद्र्यांसाठी केलेलं मार्गरीन त्या उन्हातही आपला आकार सोडत नाही. आणि लोण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. त्याचं चुकतं असं नाही. त्याचा धंदाच त्यावर उभा आहे.

मार्गरीनची अब्रू गेली म्हणून लोणी निर्दोष सुटलं का? पुष्कळांनी तसं मानलं. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने १९६१ साली मुखपृष्ठावर अन्सेल कीज यांना छापलं होतं. संपृक्त चरबीवर बोट ठेवणारे शास्त्रज्ञ ते. त्याच साप्ताहिकाने २०१४ साली मुखपृष्ठावर लोण्याचा गोळा छापून सांगितलं, लोणी खा. मधल्या काळात झालेल्या काही आढाव्यांत संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा संबंध पूर्वी वाटला तितका ठळक दिसेना, एवढाच त्याला आधार होता. पण त्यात एक मेख आहे. लोणी सोडून माणूस काय खातो, यावर सगळं अवलंबून असतं. लोणी सोडलं आणि मैद्याचा पाव, साखर वाढवली, तर काळजाला काहीच फायदा नाही. लोणी सोडलं आणि शेंगदाण्याचं, करडईचं तेल घेतलं, तर फायदा दिसतो. २०२५ साली अमेरिकेतल्या सुमारे २ लाख २१ हजार माणसांचा, तेहतीस वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या १० ग्रॅम लोण्याच्या जागी तेवढंच खाद्यतेल घेतलं, तर मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी असण्याशी त्याचा संबंध दिसला. असे अभ्यास निरीक्षणाचे असतात, कार्यकारणाची शपथ घेत नाहीत. पण इतर पुरावाही त्याच दिशेने बोट दाखवतो.

म्हणून माझ्या परीने उत्तर असं. जुनं, ट्रान्स फॅटने भरलेलं मार्गरीन आणि लोणी यांत लोणी नक्कीच बरं. आजचं नियमातलं मऊ मार्गरीन, ज्यात असंपृक्त तेल जास्त आहे, ते कोलेस्टेरॉलच्या हिशेबात लोण्यापेक्षा सरस ठरतं. कडक, पामवर उभं असलेलं मार्गरीन आणि लोणी यांत निवडण्यासारखं फारसं नाही. आणि या सगळ्यांपेक्षा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातलं साधं तेल वरचढ. करडईच्या तेलात संपृक्त चरबी दहाव्या हिश्शाच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलात साधारण पाचवा हिस्सा, लोण्यातल्या चरबीत मात्र दोनतृतीयांशाच्या घरात. जेवणात जवसाची चटणी असेल तर फारच उत्तम.

याचा अर्थ लोणी घरातून हद्दपार करा, असा नाही. थालीपिठावरच्या लोण्याच्या गोळ्याला किंवा वरणभातावरच्या तुपाच्या धारेला जीवनसत्त्वाच्या आकड्यांपलीकडेही काही अर्थ असतो. पण हिशेब ठेवा. चहाच्या चमच्याने एक चमचा लोणी म्हणजे ५ ग्रॅम. त्यात अडीच ग्रॅम संपृक्त चरबी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत संपृक्त चरबी ठेवा. दोन हजार कॅलरींना ती २२ ग्रॅम होते. दूध, दही, मटण, तेल यांतून यातली बरीचशी आधीच भरते. मग उरतो एक-दोन चमच्यांचा वाव. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून रोज २७ ग्रॅम धरले आहेत, म्हणजे साडेपाच चमचे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. तेलाची पिशवी, तुपाची बरणी, बटरचं पाकीट, सगळं त्यात. या महिन्याचं वाण्याचं बिल काढून एकदा बेरीज करून पाहा. आणि ज्यांना आधीच हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी या लेखावर न जाता आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

बेरीज घरच्या डब्यांची करता येते. बाहेरच्या खाण्याची कशी करायची? पाकीटबंद वस्तूवर ट्रान्स फॅट आणि संपृक्त चरबीचे आकडे छापलेले असतात. अक्षर मुंगीएवढं आणि भाषा बहुधा इंग्रजी, पण असतात. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या, त्याचाही अभ्यास होईल. काचेच्या बरणीतल्या सुट्या खारीवर मात्र काहीच छापलेलं नसतं. आणि सुटी खारी खाणारा तोच असतो, ज्याला जेवायला वेळ नाही आणि हॉटेलात बसायला पैसे नाहीत. ज्याच्यासाठी मार्गरीन शोधलं गेलं, त्यालाच ते कशाचं केलं आहे हे सांगायची तसदी दीडशे वर्षांत फारशी कुणी घेतलेली नाही. डेक्कनवरच्या गुडलकमध्ये बन-मस्का खाणारा माणूस निदान हौस म्हणून खातो, आणि महिन्यातून दोनदा खातो. रिक्षाच्या रांगेतला माणूस रोज खातो, पोट भरायला.

त्यावर उपाय मोठा नाही, पण आपल्या हातातला आहे. बेकरीवाल्याला विचारायचं, 'यात काय घालता? डबा दाखवा.' भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. आमच्या भागातल्या एका बेकरीत मी असं विचारलं, तेव्हा मालक आधी चमकला, मग आतून रिकामा खोका घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मिळून चष्मे लावून तो वाचला. ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत लिहिलं होतं, संपृक्त चरबी निम्मी. 'म्हणजे चांगलं का हो?' त्याने विचारलं. म्हटलं, पूर्वीपेक्षा बरं. पण रोज नको. तो हसला आणि म्हणाला, 'गिऱ्हाइकाला असं सांगू का?' मी म्हटलं, रोज येणाऱ्याला जरूर सांगा, तो आणखी वर्षानुवर्षं येत राहील.